जेजूच्या अळ्या : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२५, एडिसन, न्यू जर्सी

११ जानेवारी २०२५, शनिवार

काम असं: लेपर्ड गेको जातीच्या पाळीव पालीला जिवंत अळ्या खाऊ घालायच्या, त्यातल्या निम्म्या तरी घरी वाढवायच्या, आणि त्या खाण्यातून तिला अपाय होऊ द्यायचा नाही. तिसरा भाग सगळ्यात अवघड, म्हणून ही वही.

जेजू गेल्या आठवड्यात आली. आधी ती एका कॉलेजातल्या मुलाकडे होती. त्याला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. नाव सईनं ठेवलं. अंग पिवळंधमक, त्यावर काळे ठिपके, भंडारा उधळल्यासारखी दिसते, म्हणून जेजुरी आणि हाक मारायला जेजू. आई सध्या साताऱ्याहून आलेली आहे. पाल घरात पाळायची म्हटल्यावर तिनं आधी कपाळाला हात लावला. या पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, ती भिंतीवर चढत नाही, काचेवरसुद्धा नाही, हे दाखवल्यावर जरा निवळली. पापण्या मिटून झोपते हे पाहिल्यावर तर म्हणाली, "ही आपल्या पालीपेक्षा बरी दिसते."

वजन ८४ ग्रॅम. मादीसाठी जास्त आहे. साठ-सत्तरच्या आसपास हवं. शेपटी मानेपेक्षा रुंद. शेपटीत चरबी साठवणं हा या जातीचा स्वभावच. मूळची ती अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारताचं वायव्य टोक अशा कोरड्या, खडकाळ मुलखातली, जिथे खायला कधी मिळेल याचा भरवसा नसतो. पण इथे शेपटी भरून पुढच्या पायांच्या काखेतही फुगे आलेत. आधी काय खायची असं त्या मुलाला विचारलं. उत्तर: वॅक्सवर्म, आणि फक्त वॅक्सवर्म.

वॅक्सवर्म म्हणजे आपला मेणकिडा, मधमाश्यांची पोळी पोखरणारा. आईच्या माहेरी मधाच्या पेट्या होत्या, तिनं डबी उघडून लगेच ओळखला आणि "हा विकत मिळतो?" म्हणून हसत सुटली. त्याच्या अंगात सुमारे २५ टक्के चरबी असते. मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणारी एका भुंग्याची अळी, हिच्यात १३ टक्क्यांच्या आसपास. पालीला अर्थातच पहिला जास्त आवडतो.

१४ जानेवारी, मंगळवार

अळ्यांच्या आधी ऊब. पाल अन्न पचवते ती बाहेरून घेतलेल्या उष्णतेवर. जागा थंड असेल तर खाल्लेलं पोटात तसंच राहतं, कुजतं, नाहीतर उलटून पडतं. म्हणजे उत्तम अळी देऊनही नुकसानच. पेटीच्या उबदार टोकाला, लपायच्या कपारीखाली, फरशीच्या पृष्ठभागाचं तापमान ३२ अंश हवं. आमचं यंत्र फॅरनहाइट दाखवतं, तिथे ९० वाचायचं. थंड टोक २४ च्या आसपास. हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावायचा नाही. जास्त तापलेल्या फरशीवर पोट भाजलं तरी ती चटकन हलत नाही.

वाळू काढली, तळाला कागद अंथरला. अळी तोंडात धरताना वाळूही जाते, आणि आतड्यात साचली की शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते. कागदावर विष्ठाही नीट दिसते. व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, नमुना न्यायचाय.

तिळगूळ झाला.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस आकडेमोडीत गेला. पण प्रकल्पाचं मर्म इथेच असल्यामुळे सविस्तर लिहितो.

किड्यांना हाडं नसतात. त्यांचा सांगाडा म्हणजे बाहेरचं कायटिनचं कवच, आणि त्यात कॅल्शियम नसल्यात जमा. १०० ग्रॅम मीलवर्ममध्ये कॅल्शियम साधारण १७ मिलिग्रॅम, फॉस्फरस २८५. पालीला हवं त्याच्या उलट, फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. फॉस्फरस जास्त झाला की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. दुकानातली अळी जशीच्या तशी देत राहिलं तर हे होणारच, प्रश्न फक्त किती महिन्यांनी एवढाच.

मग किती भर घालायची? २८५ ची दीडपट म्हणजे ४२७. त्यातून असलेले १७ वजा केले की ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम कमी पडतंय. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे १०० ग्रॅम अळ्यांना एक ग्रॅम भुकटी. जेजूच्या एका जेवणात सहा मोठ्या मीलवर्म, मिळून फार तर पाऊण ग्रॅम. त्यांना लागणारी भुकटी सात-आठ मिलिग्रॅम! चिमूटसुद्धा नाही. लोक अळी पिठात घोळवल्यासारखी पांढरी करून टाकतात आणि मग पाल तोंड फिरवते. हलकी धूळ पुरते; फक्त ती अंगावर टिकायला हवी, आणि मीलवर्म गुळगुळीत. ताटलीत पाच-दहा मिनिटं वळवळली की भुकटी खाली पडलेली. म्हणून धूळ लावून लगेच चिमट्यानं द्यायची.

दुसरा मार्ग आतून. देण्याआधी एक-दोन दिवस अळीलाच कॅल्शियमचं खाद्य खाऊ घालायचं, म्हणजे तिच्या आतड्यात भरलेलं सगळं पालीच्या पोटात जातं. हे ऐकून आई म्हणाली, "नाचणी घाल की मग. पोरांना काय उगीच देतो?" सूचना रास्त होती, म्हणून हिशेब केला. धान्यांत नाचणीचा हात कोणी धरणार नाही, १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. म्हणजे अर्धा टक्काही नाही. अळीचं पोट छोटं, त्यात मावणार किती. तिच्या शेवटच्या खाद्यात आठेक टक्के कॅल्शियम लागतं. तेव्हा ८० ग्रॅम नाचणीच्या पिठात २० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. हे जमलं. आईची नाचणी, माझी भुकटी, बरोबर रताळ्याचा किंवा कोलार्डच्या पानाचा तुकडा. कोलार्ड इथे बाजारात वर्षभर मिळतं, कोबीच्या कुळातलं, कॅल्शियम भरपूर. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

हे खाद्य फक्त शेवटच्या दोन दिवसांचं. वाढत्या अळ्यांना कायम दिलं तर त्या मरतात. म्हणून डबे दोन: मोठा "वाढीचा", छोटा "जेवणाचा".

२ फेब्रुवारी, रविवार

वॅक्सवर्म बंद केले आणि जेजूचं उपोषण सुरू झालं. अपेक्षित होतं. एवढ्या जाड शेपटीवर ती बरेच दिवस काढू शकते. दर रविवारी वजन करायचं आणि दहा टक्क्यांच्या पुढे घटलं तर व्हेटला फोन. आज ८१.

अखेर संध्याकाळी खाल्लं. दिवसा प्रयत्न करण्यात अर्थच नव्हता, ही तिन्हीसांजेची आणि पहाटेची शिकारी. नुकतीच कात टाकलेली पांढरी मीलवर्म चिमट्यात धरून तिच्यापुढे जमिनीलगत हलवली. शेपटीचं टोक थरथरलं, आणि घेतली. कात टाकल्यावर दिवसभर अळीचं कवच मऊ असतं, पचायलाही सोपं. चिमट्याच्या टोकांना रबर हवं. ती झडप घालते तेव्हा नुसत्या धातूवर जबडा आपटतो.

आकाराचा नियम: अळीची जाडी पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. लांबी थोडी जास्त असली तरी ती चावून घेते.

सईच्या शाळेत कोणीतरी सांगितलं की मीलवर्म पालीचं पोट कुरतडून बाहेर येते, म्हणून आधी डोकं ठेचायचं. खोटं आहे. पाल अळी चावते, आणि उरलंसुरलं जठरातल्या आम्लात आणि बिनहवेच्या जागेत मरतं. खरा धोका उलट बाजूचा. न खाल्लेले किडे रात्रभर पेटीत राहिले तर झोपलेल्या पालीला तेच कुरतडतात. रातकिडे आणि सुपरवर्म (मीलवर्मसारखीच, पण मोठी अळी) यात वस्ताद. म्हणून ताटली उभ्या गुळगुळीत काठाची, चिनीमातीची, मीलवर्मला चढता न येणारी. आणि अर्ध्या तासात जे उरेल ते बाहेर.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाढीच्या डब्यात कोष दिसायला लागले. फिकट पिवळे, पाय पोटाशी घेतलेले, बोट लावलं की शेपटीकडून वळवळतात. सई त्यांना परग्रहवासी म्हणते.

डब्याची मांडणी लिहून ठेवतो. प्लॅस्टिकचा उथळ डबा, बाजू गुळगुळीत, झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर बारीक जाळी. आत तीन बोटं गव्हाचा कोंडा. कोंडा आणल्यावर आधी चार दिवस फ्रीझरमध्ये, म्हणजे त्यातले माइट (डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे) आणि सोंडकिड्यांची अंडी मरतात. पाण्याची वाटी ठेवायची नाही. गाजराची चकती ठेवायची, दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. बटाटाही चालतो, पण लवकर काळा पडतो. तापमान २६.

खरेदी करताना एक बघायचं. "जायंट" म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या मीलवर्म वेगळ्या जातीच्या नसतात. त्याच, पण कोषात जाऊ नयेत म्हणून बालहार्मोन दिलेल्या. खायला ठीक, पैदाशीला निरुपयोगी. आम्ही मध्यम घेतल्या.

कातींचा खच पडला होता. चाळणीतून विष्ठेची भुकटी खाली पडते, पण काती वरच राहतात. मी एकेक वेचत बसलेलो पाहून आईनं ताट हातातून घेतलं आणि गॅरेजमध्ये उभं राहून सरळ पाखडायला लागली. सूप नव्हतं, स्टीलच्या ताटावर. हलक्या काती पुढे उडाल्या, अळ्या ताटात. दोन मिनिटांचं काम. मास्क लावायला सांगितला, कारण या धुळीची अ‍ॅलर्जी होते. रोज हाताळणाऱ्यांना दम्यापर्यंत जाते. चाळणीवर मार्करनं लिहिलं: किड्यांची. ताटावरही.

आई पाखडेल, कोंडा बघेल, पण जेजूला किंवा पेटीतल्या कशालाही हात लावणार नाही, हे ठरवून टाकलं. निरोगी पालीच्याही विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, आणि पाच वर्षांखालची मुलं आणि पासष्टीपुढची माणसं यांना त्याचा त्रास जास्त होतो. आई एकाहत्तरची. ताटल्या धुवायला तळघरातलं सिंक, स्वयंपाकघरातलं नाही. "चला, एक तरी काम कमी झालं," आई म्हणाली.

१ मार्च, शनिवार

पहिले भुंगे. कोषातून निघताना पांढरे, मग तांबूस, आठवडाभरात काळे. यांना पंख आहेत पण सहसा उडत नाहीत. वेगळ्या डब्यात नवा कोंडा घालून ठेवले. एक मादी काही शे अंडी घालते, आणि भुंगे स्वतःच ती खातात, म्हणून दर पंधरवड्याला भुंगे चाळून पुढच्या डब्यात हलवायचे आणि अंड्यांचा कोंडा तसाच राहू द्यायचा.

जेजू ७९. मीलवर्म आता बिनतक्रार.

५ एप्रिल, शनिवार

अंड्यांच्या कोंड्यावर टॉर्च मारला तर कोंडा हलतोय. डोळे बारीक केल्यावर धाग्याएवढ्या अळ्या. यांना खाण्याजोगं व्हायला अजून दोन-अडीच महिने.

तोवर एकाच जातीवर राहायला नको, म्हणून ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या आणल्या. किड्यांमधला हा अपवाद: हिच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट साठतं, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त. भुकटी लावायची गरज नाही. पण कवच चिवट, आणि पालीनं नीट चावलं नाही तर अळी जशीच्या तशी विष्ठेतून बाहेर. जेजूची एक तशी निघाली. आता टाचणीनं एक टोचा मारून देतो. सई तेव्हा खोलीबाहेर जाते.

१२ एप्रिल, शनिवार

वाढीच्या डब्याच्या कडांवर करडी धूळ. धूळ चालत होती. पिठातले माइट. आठवडाभर पाऊस, हवा दमट, गाजराखालचा कोंडा ओला होऊन गोळा झालेला. माइट पालीला चावत नाहीत, पण डबा नासवतात, आणि कोंडा वाया जातो.

आईनं भिंगातून पाहिलं, म्हणाली, "हे तर गव्हाला लागतं तसलंच." पुढचं काम तिच्याच सल्ल्यानं. ओला कोंडा बाहेर, अळ्या चाळून कोरड्या डब्यात, चार दिवस गाजर बंद. माइटना ओल लागते, मीलवर्म कोरड्यात तग धरते. डब्याखाली पांढऱ्या व्हिनेगरची उथळ थाळी, म्हणजे शेजारच्या डब्याकडे कोणी निघालंच तर वाटेत संपेल. आठवड्यानं पाहिलं, स्वच्छ.

३ मे, शनिवार

शेजारच्यांकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, सरड्यासारखा पण हातभर. त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी चौकशा घेऊन येतो. त्याचा सरडा दोन वर्षांचा, म्हणजे प्रौढ, आणि अजून रोज मूठभर सुपरवर्म. पिल्लू असताना त्यांना किडे भरपूर लागतात. वाढ झाल्यावर ताटातला मोठा भाग पाल्याचा हवा. सुपरवर्ममध्ये मीलवर्मपेक्षाही चरबी जास्त. आठवड्यातून दोनदा थोड्या, बाकी कोलार्ड, मोहरीचा पाला, डँडेलियन. आणि त्याच्या उन्हाच्या जागेला ३८ ते ४२ अंश लागतात, आमच्या आकड्यांवर जाऊ नकोस, असं बजावलं.

त्याच्या सुपरवर्म फ्रिजमध्ये ठेवून मेल्या होत्या. मीलवर्म फ्रिजच्या दारात सुस्तावून आठवडे राहते, तिची वाढ थांबते. सुपरवर्म उष्ण अमेरिकेतली, तिला थंडी सोसत नाही. ती बाहेरच ठेवायची. गर्दीत असेपर्यंत ती कोषातही जात नाही. पैदास हवी असेल तर प्रत्येकीला वेगळ्या डबीत एकटं कोंडावं लागतं. याची पुढे कधीतरी खटपट करायचीय.

परत जाताना उरलेल्या सुपरवर्म तो आमच्या डब्यात टाकायला निघाला, आमच्याकडे कोंडा चांगला म्हणून. थांबवलं. दुसऱ्या प्राण्याच्या पेटीत जाऊन आलेली अळी इकडे येणार नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी विष्ठेतून पसरतो, अळी ती विष्ठा अंगावर किंवा पोटात घेऊन फिरते. लेपर्ड गेकोला झाला तर शेपटी काडीसारखी होते, जनावर खंगत जातं, खात्रीचा उपाय नाही, आणि ब्लीचनंही तो नीट मरत नाही. हाच नियम आमच्या घरातही: जेजूच्या ताटलीतून उरलेली अळी परत डब्यात जात नाही, शौचालयात जाते. आईला हे अन्नाची नासाडी वाटतं. वाटो.

२५ मे, रविवार

रेशीमकिडे. याच मोसमात जमणारा उद्योग, कारण तुतीला पानं आलीत.

पांढरी तुती इथे रानटी वाढते, कुंपणातून, रेल्वेच्या कडेनं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेशमाचं वेड आलं होतं. १८३० च्या दशकात लोकांनी तुतीची रोपं सट्ट्यासारखी घेतली आणि १८३९ मध्ये बाजार कोसळला. झाडं मात्र राहिली. आमच्यापासून तासाभरावरचं पॅटरसन पुढे "सिल्क सिटी" म्हणून गाजलं, तरी तिथल्या गिरण्या चालायच्या त्या मुख्यतः बाहेरून आलेल्या कच्च्या रेशमावर. जालना-बीडकडे आज शेतकरी तुतीवर कोष घेतात, आणि इथे रेशमाच्या राजधानीशेजारी आम्ही ते किडे पालीला घालतोय.

रेशीमकिडा मऊ, अंगात पाणी बक्कळ, चरबी अगदी कमी. सुटलेल्या पालीला याहून चांगलं काय. पानं फक्त आमच्या आवारातल्या झाडाची, धुऊन आणि पूर्ण पुसून. रस्त्याकडेची आणि रेल्वेजवळची नाहीत. तिथे तणनाशक मारतात. किडे हाताळताना हात साबणानं धुतलेले, वास नसलेले. सुगंधी लोशन लागलं तरी मरतात.

हॉर्नवर्मचंही हेच. दुकानातली हिरवी-निळी जाडी अळी कृत्रिम खाद्यावर वाढलेली असते, ती चालते. टोमॅटोच्या वाफ्यावर मिळणारी तीच अळी चालत नाही, कारण तिच्या पोटात टोमॅटोच्या पानांचं विष. आमच्या वाफ्यात दरवर्षी निघतात, सईला आधीच सांगून ठेवलंय.

जेजू ७५.

२१ जून, शनिवार

रात्री मागच्या अंगणात काजवे. भंडारदऱ्याला वळवाच्या सुमाराला झाडं लखलखतात तसे नाहीत, पण गवतावरून तरंगत दिवे लावणारे. शेजारचा मुलगा बरणी घेऊन आला. दोन-तीन पकडले आणि विचारलं, "आमच्याला आवडतील?"

मी इतक्या मोठ्यानं "नाही" म्हणालो की आई बाहेर आली.

या भागातल्या फोटिनस काजव्यांत ल्युसिब्युफॅजिन नावाची द्रव्यं असतात, हृदय बंद पाडणारी, भेकाच्या विषाच्या जवळची. बिअर्डेड ड्रॅगन एकाच काजव्यानं मेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, तासा-दोन तासांत. इथले सरडे काजव्याला तोंड लावत नाहीत, त्यांना ठाऊक असतं. ऑस्ट्रेलियाच्या सरड्याला कुठून ठाऊक असणार? त्याच्या मुलखात ही जात नाही. त्यामुळे "जनावराला कळतं काय खायचं" हे पाळलेल्या परदेशी सरड्याला लागू नाही. मुलानं बरणी उघडली आणि काजवे सोडून दिले. त्याच्या घरी फोन करून खिडकीची जाळी नीट लावायलाही सांगितलं, काजवा आत येऊ नये म्हणून.

आईनं यावर विचारलं, "मग ती खताच्या पिंपातली गांडुळं? ती तर आपलीच." तीही नकोत. कंपोस्टमधलं तांबडं गांडूळ, आपल्याकडेही गांडूळखताला वापरतात ते आयसेनिया, चिमटलं की पिवळा, घाण वासाचा रस सोडतं. त्यातलं लायसेनिन हे प्रथिन पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींना घातक. बहुतेक सरडे थुंकून टाकतात. मातीतलं मोठं गांडूळ, मासेमारीच्या दुकानातलं नाइटक्रॉलर, स्किंक जातीचे काही सरडे आवडीनं खातात, पण जेजूच्या कोरड्या मुलखातल्या पोटाला त्याची गरज नाही.

बाहेरून पकडलेला कुठलाही किडा आत यायचा नाही. फवारणी कुठल्या लॉनवर झालीय हे अळीच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

२८ जून, शनिवार

घरच्या मीलवर्मची पहिली पिढी खाण्याजोगी. दोन दिवस नाचणीच्या डब्यात, मग धूळ, मग जेजू. चार खाल्ल्या आणि तोंड वळवलं. आता दर तीन दिवसांनी एकदा जेवण. प्रौढ पालीला रोज लागत नाही.

१३ जुलै, रविवार

काल व्हेट. वजन ७२. काखेतले फुगे गेले, शेपटी अजून छान जाड. जबडा दाबून पाहिला, घट्ट. विष्ठेत पिनवर्मची, म्हणजे आतड्यातल्या बारीक जंतांची, थोडी अंडी. अशा पालींमध्ये ती सर्रास सापडतात, लक्षणं नसताना औषध नको, तीन महिन्यांनी पुन्हा नमुना.

भुकट्यांचं वेळापत्रक त्यांच्याशी बोलून पक्कं केलं. साधं कॅल्शियम बहुतेक जेवणांना. व्हिटॅमिन डी३ असलेलं आठवड्यातून एकदा, कारण आमच्याकडे मंद यूव्हीबी ट्यूबही आहे, अंगात डी३ तयार करायला लावणाऱ्या अतिनील किरणांची; दोन्हीकडून डी३ चा मारा झाला तर तेही विषारी, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. (ट्यूब पेटीच्या आत किंवा जाळीवर; काचेतून यूव्हीबी जात नाही. खिडकीतलं ऊन म्हणूनच मोजायचं नाही.) मल्टिव्हिटॅमिन पंधरवड्यातून एकदा, आणि ते तयार व्हिटॅमिन ए असलेलं. गाजरातलं बीटा कॅरोटिन पुरेल यावर विसंबू नका, असं त्या म्हणाल्या. ए कमी पडलं की कात डोळ्यांभोवती अडकते.

त्यांनी अळ्यांच्या डब्यांचे फोटो मागितले, खास करून पाखडण्याचा. मोबाइलवर होता, आईचा, मास्क लावलेला. आईला सांगितल्यावर तिनं विचारलं, "फोटोत गॅरेज आवरलेलं होतं ना?"

पुण्याच्या मावसभावाला हे सगळं वाचून पाल पाळायची हौस आलीय. त्याला कळवलं: सह्याद्रीत, डोंगरउतारांवर लेपर्ड गेकोची सख्खी भावंडं आहेत, ती तिथेच बघ. घोरपड असो की पाल, रानातून उचलून पेटीत घालू नकोस, वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आणि परदेशी जातींच्या नोंदणीचे नियम आता वेगळे आहेत, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस.

१७ ऑगस्ट, रविवार

गणपतीला साताऱ्याला जातोय, २७ तारखेची चतुर्थी. आईला पोचवायचंही आहे. तीन आठवडे जेजू शेजारच्या मुलाच्या हवाली. त्याच्याबरोबर आज रंगीत तालीम केली आणि कागद पेटीवर चिकटवला:

पाणी रोज बदलायचं. हे चुकलं तर चालणार नाही, जेवण एखादं चुकलं तर चालेल.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, दिवे गेल्यावर, पाच मीलवर्म. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी फ्रिजच्या दारातल्या डब्यातून काढून नाचणीच्या डबीत टाकायच्या, रताळ्याच्या तुकड्यासह.

द्यायच्या आधी फरशीचं तापमान बघ. ८८ च्या खाली असेल तर जेवण नाही, मला मेसेज.

मंगळवारी निळ्या झाकणाचं कॅल्शियम, शुक्रवारी लाल. मल्टिव्हिटॅमिन मी जाण्याआधी देतो, तू देऊ नकोस.

अर्ध्या तासानं ताटली रिकामी कर. तुझ्या घरच्या अळ्या नाहीत, तुझा चिमटा नाही. आधी आमच्याकडे, मग तुझ्या सरड्याकडे जायचं, उलट नाही. मध्ये साबणानं हात.

कात टाकायच्या आधी ती पांढुरकी पडते आणि खात नाही. घाबरू नकोस, ओल्या कपारीतला कागद भिजव.

भुंग्यांच्या डब्यात गाजर, बारीक चकती, जाड नको. कोंडा ओला दिसला तर गाजर काढ.

मुलानं सगळं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, वॅक्सवर्म एखादा दिला तर? महिन्यातून एक, मी परत आल्यावर, माझ्या हातानं. आजचं वजन ७१. रेशीमकिडे संपले, तुतीची पानं जून झालीत. सुपरवर्मच्या एकट्या डब्या लावायचं काम ऑक्टोबरात.